ब्राझीलच्या काजूपट्ट्यात ८४ दिवस: तयारीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

ठरलं एकदाचं. यंदा ऑक्टोबर ते डिसेंबर ब्राझील. तिथला ईशान्येकडचा काजूपट्टा, म्हणजे सेआरा, पियाउई आणि रिओ ग्रांदे दो नॉर्ते ही तीन राज्यं, एकट्याने आणि टूर कंपनीशिवाय. टूरवाले रिओ, इग्वासूचा धबधबा आणि जमलंच तर अ‍ॅमेझॉनचे दोन दिवस दाखवतात, काजूच्या बागेत कोणी नेत नाही, त्यामुळे सगळं आपलं आपणच जुळवायचंय. मराठीत मला याबद्दल काही सापडलं नाही म्हणून जसं जमेल तसं लिहून ठेवतोय, कोणाला जायचं असेल तर माझ्या चुका तरी कामाला येतील.

कारण सांगतो. कुडाळजवळ आमची साडेतीन एकर काजू आहे, बरीचशी वेंगुर्ला-४ आणि थोडी वेंगुर्ला-७ जातीची. एक किलो बीमागे पाच-सात किलो बोंडू (बी ज्याच्या टोकाला लागते ते रसाळ फळ) पिकतो आणि तो सगळा झाडाखाली कुजतो. बी पिरगाळून काढायची आणि बोंडू तिथंच टाकायचा, लहानपणापासून हेच बघतोय आणि दरवर्षी मे महिन्यात तो आंबलेला वास आला की जीव तुटतो. सीमेपलीकडे गोव्यात निदान त्याची दारू, हुराक आणि फेणी, तरी होते. ब्राझीलमधे त्याच बोंडूचा रस काढतात, पियाउईत गाळून स्वच्छ केलेली काझुईना बनवतात, आणि ताजे बोंडू ट्रेमधे भरून फळासारखे सुपरमार्केटात विकतात. काजूचं मूळ तिकडचंच, पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ते इकडे आणलं. मला ते तिथे जाऊन डोळ्यांनी बघायचंय.

सगळ्यात सोयीची गोष्ट म्हणजे सिझन. आमचा फेब्रुवारी ते मे, त्यांचा साधारण सप्टेंबर ते डिसेंबर. बाग सोडून जाता येतं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "काजी बघूक ब्राझीलाक कित्याक जातंस, हयसर कमी आसत काय?" बायको काही बोलली नाही, फक्त खर्च किती ते विचारलं. अंदाज साडेतीन लाख सांगितला.

२६ जानेवारी

भाषेपासून सुरुवात केली कारण तिकडे खेडेगावात इंग्रजी चालणार नाही हे स्पष्ट आहे. मोबाइलवरच्या अ‍ॅपवर रोज अर्धा तास बसतोय. शब्द भराभर येतात आणि मराठी माणसाला यातले कितीतरी आधीच माहीत असतात. बटाटा, पाव, चावी, कोबी, घमेलं, परात, लिलाव, तुरुंग हे सगळे पोर्तुगिजांकडून आलेले. पगार म्हणजे तर त्यांच्याकडे "पैसे देणे" हे सरळ क्रियापद आहे, दुकानात "कुठे पैसे देऊ" असं विचारायला तोच वापरायचा. आणि मेस्त्री ब्राझीलमधे बोलताना जवळजवळ आपल्यासारखाच ऐकू येतो.

१६ फेब्रुवारी

पहिली मोठी चूक. सेआरातल्या एका शेतकरी सहकारी संस्थेला आणि दोन बागायतदारांना मेल पाठवले होते, डिक्शनरी घेऊन स्वतः लिहिलेले. मी काजू उत्पादक आहे, तुमचा काजू बघायचाय, सुकवता कसा, फोडता कसा वगैरे. एकाचं उत्तर आलं आणि त्यात तो गोंधळलेला दिसला, त्याने विचारलं की तुम्ही काजू फोडता म्हणजे नेमकं काय करता.

मग कळलं. ब्राझीलमधे काजू (ते "काझू" म्हणतात) म्हणजे बोंडू. आपण ज्याला काजू म्हणतो ती बी म्हणजे "कस्तान्या", आणि नुसतं कस्तान्या म्हटलं तर काहीजणांना अ‍ॅमेझॉनमधला मोठा ब्राझील नट आठवतो, म्हणून पूर्ण "कस्तान्या जी काझू" म्हणायचं. आपल्याकडे शब्द आला तो त्यांच्या फळाचा, आणि फळ टाकून देऊन आपण ते नाव बीला दिलं. हे कळल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो, आमच्या बागेचं सगळं दुखणं त्या एका शब्दात आहे.

तिन्ही मेल नव्याने लिहिले. तीन आठवडे वाया.

९ मार्च

अ‍ॅपवर भरवसा ठेवून चालणार नाही. काल तिकडच्या शेतीवरचा एक व्हिडिओ लावला आणि दहा मिनिटांत चार शब्द कळले. वाचता येतं, ऐकू येत नाही. म्हणून म्हापशाला एक निवृत्त शिक्षिका शोधल्या, वय ७८, पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. तासाला ४०० रुपये, दर रविवारी दोन तास. कुडाळवरून एसटीने सावंतवाडी आणि तिथून म्हापसा, जाऊन येऊन सगळा दिवस जातो पण पर्याय नाही.

पहिल्याच दिवशी टीचरनी मला "पाव" म्हणायला लावलं आणि थांबवलं. "नाकान म्हण बाब, नाकान." पाव हा शब्द त्यांच्याकडे अनुनासिक आहे, पांव आणि पांउ यांच्या मधला काहीतरी. आपल्यासारखा कोरडा "पाव" म्हटला तर त्याचा अर्थ काठी होतो आणि ब्राझीलमधे त्याला एक घाणेरडा अर्थ पण आहे, बेकरीत जाऊन तो बोलायचा नाही. मालवणी माणसाला नाकातले उच्चार अवघड जाऊ नयेत पण शाळेत शुद्ध बोलायची सवय लावलेली ती आडवी येते. अर्धा तास फक्त पाव, नांव (म्हणजे नाही) आणि मांव (म्हणजे हात) हेच केलं.

२३ मार्च

पिवळ्या तापाची लस घेतली. ही कशासाठी ते नीट समजून घ्या कारण लोक गोंधळतात. भारतातून ब्राझीलला जाताना नाही, तर ब्राझीलमधून भारतात परत येताना आपल्या विमानतळावर प्रमाणपत्र मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमधे ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. २०१६ पासून एकच डोस आयुष्यभर चालतो. फक्त सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यायची, खासगी डॉक्टरकडची चालत नाही. मला ३०० रुपये लागले. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल किंवा वय साठच्या वर असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, ही जिवंत लस आहे.

एक फेरी फुकट गेली. पासपोर्टची झेरॉक्स घेऊन गेलो होतो, मूळ पासपोर्ट लागतो. शिवाय एका कुपीतून अनेकांचे डोस निघतात म्हणून ठरलेल्या वारीच देतात. आधी फोन करून वार विचारा.

एप्रिल

काही नाही. बी गोळा करायचे दिवस. रविवारचे दोन क्लास बुडले. रात्री झोपताना हेडफोन लावून ब्राझीलचा रेडिओ ऐकतो, बातम्या कळत नाहीत पण हवामान आणि भाव थोडे कळायला लागलेत.

२६ मे

काल पाऊस आला. मे महिन्यात, आणि थेट मोसमी. शेवटची बी झाडाखाली भिजली, दोन पोती काळी पडणार. बोंडूबद्दल बोलायलाच नको.

क्लास परत सुरू केलाय आणि आता दुसरी अडचण. टीचरची पोर्तुगीज पोर्तुगालची आहे. ते स्वर गिळतात, ब्राझीलवाले स्वर मोकळे सोडतात. "दि" चा "जी" होतो, "ति" चा "ची", आणि शब्दाच्या सुरुवातीचा र म्हणजे ह, त्यामुळे रिओ ऐकताना "हिऊ" ऐकू येतं. शब्द पण वेगळे. टीचर बसला औतुकार्रु म्हणतात, तिकडे ओनिबुस. नाश्ता, टॉयलेट, मोबाइल, ट्रेन, सगळ्याला वेगळे शब्द. अननस सुद्धा, आपण पोर्तुगिजांकडून घेतला तो शब्द ब्राझीलमधे कमी, तिथे "आबाकाशी".

टीचर सोडायच्या का असा विचार आला होता. नाही सोडलं. व्याकरण आणि क्रियापदांची रूपं त्यांनी जशी पक्की करून घेतली तशी अ‍ॅपने कधीच केली नसती, आणि समोर माणूस बसला की चुकायची भीती जाते. फक्त वहीत दोन रकाने केले, डावीकडे टीचरचा शब्द आणि उजवीकडे ब्राझीलचा. गोव्यात शिकणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून करा, मी अडीच महिन्यांनी केलं आणि अजून तोंडात औतुकार्रु येतं.

१५ जून

सगळ्यात महागातली चूक आज लक्षात आली. व्हिसाचा फॉर्म बघत होतो आणि पासपोर्टची मुदत पाहिली, फेब्रुवारी २०२६. मी परत येणार डिसेंबरच्या शेवटी. एवढ्या कमी मुदतीच्या पासपोर्टवर व्हिसा मागण्यात अर्थ नाही. म्हणजे आधी पासपोर्ट नवा करायचा, फी १५०० रुपये ३६ पानी पुस्तकाला, आणि मग नंबर बदलणार, आणि पिवळ्या तापाच्या प्रमाणपत्रावर जुना नंबर लिहिलेला!

मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून पासपोर्ट रिन्यू करता येतो, म्हणजे हे मी फेब्रुवारीतच करायला हवं होतं. क्रम असा ठेवा: पासपोर्ट, मग लस, मग व्हिसा. मी मधूनच सुरू केलं. आता दोन्ही पासपोर्ट बरोबर नेणार, नव्याच्या शेवटच्या पानावर जुन्याचा नंबर छापलेला असतो त्यामुळे जुळवून दाखवता येईल.

६ जुलै

तिकीट. आधी एका वेबसाइटवर स्वस्तातलं दिसलं म्हणून घाईने बुक केलं, ते अमेरिकेतून होतं. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी आपल्याला त्यांचा व्हिसा लागतो. दुसऱ्या दिवशी भाच्याने दाखवून दिलं. रद्द केलं, ९,४०० रुपये कापले गेले.

नवीन तिकीट मुंबई–अदिस अबाबा–साओ पाउलो, जाऊन येऊन १,१६,००० पडलं. साओ पाउलोवरून फोर्तालेझा वेगळं तिकीट, साडेतीन तासांचं विमान. दोन तिकिटं वेगळी असली की इमिग्रेशन करून बॅग घेऊन परत चेक-इन करायची असते म्हणून मधे सात तास ठेवलेत. आधी तीन ठेवणार होतो.

बेलें शहर कापलं. अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी असलेलं हे शहर बघायची फार इच्छा होती पण तिथे १० ते २१ नोव्हेंबरला जागतिक हवामान परिषद आहे आणि लॉजचे भाव कुठच्या कुठे गेलेत. तेवढे दिवस पियाउईला दिले.

२७ जुलै

व्हिसा. ब्राझीलचा ई-व्हिसा जुलै २०२५ मधे तरी काही मोजक्या देशांनाच होता, आपल्याला नव्हता, अर्ज करून पासपोर्टवर शिक्का घ्यावा लागला. आधी ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि त्याची बारकोडवाली पावती छापून सही करायची. पावती म्हणजे व्हिसा नव्हे, पुढे कागद द्यायचे असतात. विझिटर व्हिसावर ९० दिवस राहता येतं, माझे ८४ बसतात.

शेतकऱ्याची अडचण कुठे येते ते सांगतो. नोकरीवाल्याकडे सॅलरी स्लिप आणि रजेचं पत्र असतं. आपलं शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे रिटर्नमधे आकडा छोटाच दिसतो. परत येणार याचा पुरावा काय द्यायचा? मी सातबारा दिला, इंग्रजी भाषांतर आणि नोटरी करून (८०० रुपये), बी विकल्याच्या पावत्या आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. पहिल्या फेरीत स्टेटमेंट परत दिलं कारण त्यावर बँकेचा शिक्का आणि सही नव्हती, मोबाइलवरून काढलेलं होतं. रात्रभर ट्रेनने मुंबईला जाऊन एका शिक्क्यासाठी परत यावं लागलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. कुठे राहणार, कोणत्या तारखेला कोणत्या गावात, हे एका पानावर साधं लिहून जोडलं, ते उपयोगी पडलं असं वाटतं कारण त्यावरूनच दोन-तीन प्रश्न आले.

१७ ऑगस्ट

व्हिसा आला!! सतरा दिवसांत.

आता पैसे. एक रेआल म्हणजे साधारण सोळा रुपये. तिकडे पिक्स नावाचं आपल्या यूपीआयसारखं आहे, २०२० च्या नोव्हेंबरपासून, आणि शहाळ्यावाल्यापर्यंत सगळे तेच घेतात असं तिकडचे लोक सांगतात. पण त्याला तिथलं बँक खातं लागतं. म्हणून कार्ड आणि रोख. मी घाईत डॉलरचं फॉरेक्स कार्ड घेतलं, घरी येऊन बारीक अक्षरं वाचली तर डॉलर सोडून दुसऱ्या चलनात खर्च केला की माझ्या कार्डावर साडेतीन टक्के वेगळे. ८४ दिवसांत ते चार-पाच हजार होतात. थोडेच पैसे भरले होते ते बरं झालं, बाकीसाठी कमी चार्जवालं डेबिट कार्ड केलं.

दुसरी गोष्ट सीपीएफ. हा त्यांचा अकरा आकडी कर नंबर, आपल्या पॅनसारखा, पण मागतात मात्र जिथे तिथे. सिम घेताना, ऑनलाइन बसचं तिकीट काढताना, कधी औषधाच्या दुकानात सुद्धा. परदेशी माणसाला पण मिळतो आणि इथूनच अर्ज करता येतो. मी आज केलाय. खरंतर जुलैत करायला हवा होता.

७ सप्टेंबर

गणपतीचे दिवस, २७ ऑगस्टपासून काहीही केलं नाही आणि कोकणात कोणी करूही नये.

एक मात्र रोज चाललंय. सेआरातल्या त्या बागायतदाराने (काजू फोडता म्हणजे काय विचारणारा) व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर दिला. तिकडे लोक टाइप करत नाहीत, आवाजाचे मेसेज पाठवतात, दोन-दोन मिनिटांचे. त्यांची सकाळ सात म्हणजे आपली दुपार साडेतीन, साडेआठ तासांचा फरक. सुरुवातीला एक मेसेज समजायला पाऊण तास लागायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर वेग वाढवता येतो पण कमी करता येत नाही म्हणून फाइल दुसऱ्या प्लेयरमधे टाकून हळू लावायचो. आठ महिन्यांत कानाला खरी सवय झाली ती या मेसेजनी. कोणी तयारी करत असेल तर कळकळीने सांगतो, तुमच्या धंद्यातला तिथला एक माणूस शोधा आणि पहिल्या महिन्यापासून त्याच्याशी बोला, व्याकरण चुकलं तरी चालेल, कारण छाटणी, मोहोर आणि भाव यांवर दोघांकडे बोलायला असतंच.

त्याच्याकडून कळलेलं थोडं. त्याची सगळी बाग ठेंगण्या काजूची, सीसीपी ७६ नावाच्या कलमाची, जे १९८३ मधे फोर्तालेझापासून जवळच्या पाकाझूसच्या संशोधन केंद्रातून आलं. झाड तीन-चार मीटरचं, त्यामुळे बोंडू पडायची वाट न बघता हाताने खुडता येतो आणि लगेच थंडीत जातो. पडलेला बोंडू फुटतो आणि दोन दिवसही टिकत नाही. आमची झाडं उंच, शिडीशिवाय हात पोचत नाही, तर बोंडू वाचणार कसा? त्याची छाटणी आणि झाडांमधलं अंतर मला टेप घेऊन मोजायचंय.

१४ सप्टेंबर

गावात बातमी पसरलीय. चौघांनी सांगितलं की त्या ठेंगण्या काजूची कलमं घेऊन ये. एकाने बॅगेत ओल्या फडक्यात कशी गुंडाळायची ते पण सांगितलं. सगळ्यांना एकच उत्तर दिलं, नाही. रोपं आणि बियाणं बाहेरून आणायचं तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आधी परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. एका काडीबरोबर नवा रोग आला तर सगळ्या सिंधुदुर्गाची काजू जाईल. एकजण नाराज झाला, असू दे. मी पण वेंगुर्ला-७ ची मोठी बी भेट म्हणून नेणार होतो, दहा ग्रॅमची बी बघून तो माणूस खूश झाला असता, ती यादीतून काढली. त्याऐवजी सावंतवाडीच्या गंजिफाचा एक छोटा संच घेतला, वजनाला हलका.

२१ सप्टेंबर

बॅग. नऊ किलो झाली, सात करायचीय. स्वेटर काढला, तिथे आमच्यासारखंच गरम. तिन्ही राज्यांत वीज २२० व्होल्ट आहे, पण साओ पाउलोत बऱ्याच ठिकाणी १२७, मोबाइलचा चार्जर दोन्हीवर चालतो. आपली बारीक गोल दोन पिनांची प्लग तिकडे बसते, तीन पिनांची नाही. अंथरूण काही घेतलं नाही, सेआरात घरोघरी झोळीत झोपतात आणि साध्या लॉजमधे पण भिंतीला हुक असतात म्हणे, झोळी तिथेच घेईन.

बसचे पल्ले मोठे आहेत. फोर्तालेझा ते तेरेझिना ६०० किलोमीटर, रात्रभर. तिथे काझुईना, बोंडूच्या रसातला तुरटपणा जिलेटिनने खाली बसवायचा, गाळायचं, बाटल्या भरून गरम पाण्यात इतका वेळ ठेवायच्या की रंग सोनेरी होतो, साखर नाही आणि दारू नाही. २०१४ मधे ब्राझीलने ही पद्धत सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली. किती वेळ, किती तापमान, हे कोणी पुस्तकात सांगो, मला भांड्याशेजारी उभं राहायचंय. शेवटी नाताल शहराजवळ पिरांजीचं ते एकच झाड, साडेआठ हजार चौरस मीटरवर पसरलेलं, म्हणजे आमच्या बागेच्या अर्ध्याहून जास्त जागेत एकच काजू.

२८ सप्टेंबर

शेवटचा क्लास. टीचर पूर्ण दोन तास पोर्तुगीजमधे बोलल्या आणि मी अडलो ते तीनदाच. निघताना म्हणाल्या, "तुजी पोर्तुगेज म्हाका आतां कळना बाब, तूं ब्राझीलचो जालो." मग हसल्या आणि आंब्याची साठं बांधून दिली.

आत्तापर्यंतचा खर्च: तिकीट १,१६,०००, रद्द झालेलं ९,४००, फोर्तालेझाचं विमान १९,०००, क्लास आणि प्रवास ३१,०००, पासपोर्ट, व्हिसा, मुंबईच्या दोन फेऱ्या आणि कागद मिळून २३,०००, विमा ७,५००. म्हणजे दोन लाखांच्या वर इथेच गेले. तिकडे रोजचे १२० रेआल धरलेत, सगळं साडेतीन लाखांत बसत नाही, पावणेचारच्या आसपास जाणार. बायकोला खरा आकडा सांगितला.

२ ऑक्टोबर, दसरा

सीपीएफ अजून आला नाही. फोर्तालेझाला गेल्यावर बघू, पहिली बस खिडकीवरूनच काढायची.

दुपारी तिकडून आवाजाचा मेसेज आला, पन्नास सेकंदांचा, एकदाच ऐकला आणि सगळा समजला. पहिला तोडा सुरू झालाय, रोज पहाटे पाचला, मी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी कामाला लाग म्हणतोय.

पासपोर्ट तपासायला काढला तर आत आपट्याचं पान होतं, आईने ठेवलेलं. तिला समजावलं की झाडपाल्याचं काहीच नेता येत नाही, हे सोनं असलं तरी. तिने ते घेऊन देवाकडे ठेवलं. रात्रीच्या कोकणकन्येचं तिकीट आहे, उद्याचं.